ड्रमला बॉलकॉक बसवला आणि मासे गेले

मंडळी, घरी फिशटँक असेल तर हे वाचाच. सकाळपासून माझं डोकं फिरलंय.

आमच्याकडे नळाच्या पाण्यात जंतू मारायची क्लोरीनची पावडर असते, ताज्या पाण्यात ती माशांना मारते आणि दिवसभरात उडून जाते. म्हणून माशांचं पाणी मी अंगणातल्या ड्रममध्ये एक दिवस नुसतं ठेवतो, मगच टँकमध्ये घालतो. पण नळ बंद करायचा राहिला की ड्रम वाहतो, अंगणात चिखल होतो आणि आईची बोलणी खावी लागतात. म्हणून काल महाडहून बॉलकॉक आणला. भोक पाडलं, वॉशर गळला, सगळं काढून परत बसवलं. अख्खी दुपार गेली, पण ड्रम भरल्यावर पाणी आपोआप बंद झालं!

आज सकाळी ड्रम काठोकाठ दिसला. मी बिनधास्त टँकचं अर्धं पाणी बदललं. तासाभरात मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. दुपारपर्यंत पाचातले चार गेले.

आईला विचारलं, "ड्रमला हात लावलेलास?"

"मग! पहाटे पाणी आलं तेव्हा कालचं शिळं पाणी अळवाला घातलं. मुक्या जीवांना शिळं कशाला रे? तुझा नळ गुणाचा हाय, ताजं भरून आपोआप बंद झाला. थेंब सांडला नाय."

घरात पाणी आलं की हंड्यातलं शिळं ओतायचं, ताजं भरायचं. जन्मभर तिने हेच केलंय. बॉलकॉक नसता तर भरेपर्यंत नळापाशी उभं राहायला नको म्हणून तिने ड्रमला हात लावलाच नसता!

आता ती टँकजवळ बसून विचारतेय, "कशानं गेले रे?"

सांगा, काय उत्तर देऊ?