कापसाच्या खोलीतलं व्हायोलिन

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आता तुम्ही माझी करा, हरकत नाही...

१९८४चा डिसेंबर. सुट्टीत आंजी मोठी या गावी काकांकडे गेलो होतो. सोबत टेपरेकॉर्डर, आणि मित्राने परदेशातून आणलेली कॅसेट - अडीचशे वर्षांपूर्वीचं युरोपियन संगीत, त्याच काळच्या वाद्यांवर! व्हायोलिनला आतड्याच्या तारा, आणि वाजवणारे असे तुटून पडलेले की गज मोडतो की काय वाटायचं. मी पार वेडावलो होतो. काकांचं मत एवढंच, की बैलबंडीच्या चाकाला तेल हवंय.

म्हणून एका दुपारी टेप आणि कॅसेट घेऊन कापसाच्या खोलीत गेलो. भाव येईपर्यंत आमच्याकडे वेचलेला कापूस घरातल्याच एका खोलीत तुडवून आढ्यापर्यंत भरतात. तिथला आवाज बाहेर जात नाही. दाराजवळच्या बोर्डात पिन लावली, ढिगावर चढलो, बसण्यापुरता खड्डा केला आणि गाणं सुरू केलं. थोड्या वेळाने काकूने शेतात जाताना बाहेरून कडी घातली. शेळ्या शिरतात म्हणून तिची ती सवयच... मी आत आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

मी जरा कूस बदलली आणि वरचा सगळा ढीग अंगावर आला. घसरताना टेपची वायर धरली, तर पिनच बोर्डातून निघून मुठीत आली. गाणं बंद. मी गळ्यापर्यंत गाडलेला, दोन्ही हात आत. ओरडलो, पण आवाज माझ्यापाशीच जिरला. हललं की आणखी कापूस यायचा. छाती फुगेना. आपण इथेच मरणार, हे मला स्वच्छ कळलं.

तेवढ्यात खाली कुठेतरी व्हायोलिन सुरू झालं.

पिन माझ्या मुठीत होती! तरी ते वाजत होतं, आधीपेक्षा दुप्पट जोरात. मरणापेक्षा मला त्याची भीती जास्त वाटली. थांब, थांब म्हणून मी रडलो. ते थांबलं नाही.

मग कडी निघाली. काकांनी दोन्ही हातांनी कापूस उपसून मला बाहेर ओढलं. श्वास आल्यावर विचारलं, कसं कळलं?

"विहिरीवर होतो," काका म्हणाले. "तुहं गाणं तिथवर ऐकू येऊन राह्यलं होतं. बंद कराले आलतो."

शेतातली विहीर घरापासून अर्धा मैल. काकांनी माझी मूठ उघडून पिन पाहिली, मग टेप उपसून सेलचं झाकण काढलं. आत सेल नव्हतेच.

इतकी वर्षं झाली, मला एवढंच ठाऊक आहे: त्या दुपारी ते व्हायोलिन माझं ऐकून थांबलं असतं, तर काका विहिरीवरच थांबले असते.