वापीची की कळंबोलीची

सासूबाई अजून रत्नागिरीला गेलेल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आमच्या घरातल्या पुरुषांनी वर्षभर जो पराक्रम गाजवला त्याचा शेवट गोड झाला असेल, अशी आशा कोणी धरायला नको.

रत्नागिरीला त्यांची धाकटी बहीण असते. मुलाच्या नोकरीपायी ती तिकडे गेली आणि तिकडचीच झाली. दोघी उरणकडच्या एका गावात मिठागरावर वाढलेल्या, लग्नं होईपर्यंत एका ताटात जेवलेल्या. आता रोज संध्याकाळी मोबाइलवर एकमेकींची कपाळं बघतात, कारण फोन कुठे धरायचा हे दोघींना अजून जमलेलं नाही. सासूबाईंना बहिणीशेजारी बसायचंय, बाकी काही नको. अडचण एवढीच की गर्भाशयाच्या ऑपरेशननंतर त्यांना सारखं लघवीला जावं लागतं आणि गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही. गोवा हायवेवरच्या हॉटेलांचे संडास ज्यांनी पाहिलेत त्यांना पुढचं सांगायला नको. रेल्वेत सोय असते की, असं सुचवणारे पुष्कळ भेटतात. एकदा तसं नेलं होतं. गाडीने हिसका दिला, त्या संडासातच दारावर आपटल्या आणि आम्ही मनगटाला प्लॅस्टर घालून परत आलो. तेव्हापासून रत्नागिरीचा विषय निघाला की त्या म्हणतात, "मना नाय जायाचा." कारण सांगत नाहीत. त्यांच्या पिढीच्या बायका या गोष्टीचं नाव घेत नाहीत. "भायेर जाऊन येते" म्हणतात, तेही पुरुष उठून गेल्यावर.

उपाय मला सुचला. शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मोबाइलवर दाखवलं, गाडीच्या मागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर. आत झोपायला पलंग, छोटी शेगडी आणि दार लावता येईल असा कमोड, बाजूला धरायला दांडी. हवं तिथे रस्त्याच्या कडेला थांबायचं, म्हातारीने आत जाऊन यायचं, पुढे निघायचं. मी नवऱ्याला दाखवलं, कशासाठी हवंय तेही अगदी स्पष्ट शब्दांत सांगितलं. इथपर्यंत सगळं शहाणपणाने चाललं होतं. मग नवऱ्याने दिराला बोलावलं.

माझा नवरा बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालाय आणि त्याला दिवसभर काही काम नसतं. दिराचा माती-खडी पुरवायचा धंदा आहे आणि त्याला जगातलं सगळं कळतं. असे दोघे एकत्र आले की काय होतं ते आमच्या करंजाड्याच्या गल्लीत कोणालाही विचारा. पहिल्याच दिवशी दोन पक्ष पडले. नवऱ्याचं म्हणणं, बॉर्डरपलीकडे वापीला एक व्यापारी तयार ट्रेलर विकतो, तोच घ्यायचा. दिराचं म्हणणं, कळंबोलीत आपल्या ओळखीचा ट्रकच्या बॉड्या बांधणारा आहे, पत्रा तिथे, लोखंड तिथे, वेल्डर तिथे, मग गुजरातेत कनाला मरायचा?

वापीला ते तीनदा गेले. ट्रेलर बघायला चार-चार माणसं लागतात हे मला तेव्हा कळलं. वापीपासून दमण हाकेच्या अंतरावर आहे हे मात्र मला आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे पहिल्या खेपेला चाकं बघून झाली, दुसऱ्या खेपेला ॲक्सल, आणि दोन्ही वेळा मंडळी दुसऱ्या दिवशी दुपारी लाल डोळ्यांनी परतली. काय ठरलं म्हटलं की "अजून बगायला लागंल." तिसऱ्या वेळी मी हट्टाने सोबत गेले, त्यामुळे त्या दिवशी सगळे संध्याकाळीच घरी आले.

ट्रेलर चांगला होता. दिखाऊ काही नव्हतं. पायऱ्या बुटक्या, दाराशी कठडा. मी थेट संडासात शिरले, दार लावलं आणि कमोडवर बसून पाहिलं. गुडघे दाराला टेकत नव्हते. धरायची दांडी हाताशी येत होती. आतूनच ओरडले, "हाच घ्या." बाहेर आमचे दोन्ही वीर खो खो हसत होते. वहिनींनी लाखाची वस्तू संडासात बसून पसंत केली, ही गोष्ट दिराने पनवेलभर सांगितली. मलाही तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही.

मग पेच पडला नंबराचा. ट्रेलरवर गुजरातची पाटी. ती इकडे बदलायची म्हणजे तिकडचा ना-हरकत दाखला, इकडे पुन्हा टॅक्स, पुन्हा तपासणी. हे खरंच कटकटीचं होतं, नाही म्हणत नाही. पण आमच्याकडे कटकटीचं कोणाला वावडं नव्हतं, वावडं होतं पाटीचं. "आपल्या आलीतून जीजे नंबर फिरनार? लोक तोंडात शेन घालतील," असं दीर म्हणाला, आणि वापीचा एवढा अभिमान बाळगणारा माझा नवरा एका रात्रीत मवाळ झाला. ज्या लोकांना हे दोघे घाबरत होते, त्यांतला एकही सासूबाईंना रत्नागिरीला नेणार नव्हता.

कळंबोलीवाल्याने तर एकाच वाक्यात बाजी मारली. "तुम्ही सांगाल तसं बनवून देतो." हे वाक्य आमच्या घरात उच्चारायला नको होतं. वापीच्या ट्रेलरमध्ये काही सांगायची सोयच नव्हती, असेल तसा घ्यायचा. इथे मात्र प्रत्येकाला तोंड फुटलं. ओटीवर चहाला येणारा प्रत्येक जण काहीतरी जोडून जाऊ लागला. एकाने स्पीकर सुचवले, दुसऱ्याने निळे दिवे. गडावर कुलदेवीच्या दर्शनाला जाताना पोरं बसतील म्हणून लांब सोफा आला. टीव्ही आला. सासूबाई तिथेच भिंतीला टेकून लसूण सोलत असायच्या. त्यांना कोणी विचारलं नाही. एकदा मीच म्हटलं, अहो, ज्यांच्यासाठी चाललंय त्यांना तरी विचारा. त्यावर दीर म्हणाला, "आईला काय कलतंय गाडीतला?"

संडासाचं मी दर आठवड्याला विचारत होते. "हाय, हाय, सगला हाय," असं उत्तर यायचं. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, कळंबोलीला स्वतः जाऊन बघायला मला जमलं नाही, आणि या दोघांना बायामाणसं वर्कशॉपमध्ये नकोच होती.

ट्रेलर आला त्या दिवशी अंगणात सत्यनारायणाला जमावी तेवढी माणसं जमली. चाकांखाली लिंबं, पुढच्या दांड्याला हार, पेढ्यांचे बॉक्स. सासूबाई नवं लुगडं नेसून सकाळपासून तयार; पूजा झाली की निघते, असं बहिणीला कळवूनही झालं होतं. पूजा लांबतच गेली, कारण प्रत्येकाला ट्रेलरसोबत फोटो हवा होता. मग दोन्ही मुलांनी आईला बगलेत धरून वर चढवलं. पायऱ्या उंच झाल्या होत्या. त्यांच्या मागून मी चढले.

आत निळा उजेड, टीव्ही, लांबच लांब सोफा. आणि कोपऱ्यात, जिथे कमोड असायला हवा होता तिथे, सागवानी देव्हारा. त्यात कुलदेवीचा फोटो, पितळेची घंटा, विजेची समई. मला आधी वाटलं, दार दुसरीकडे असेल. मी सोफ्यामागेसुद्धा बघितलं.

"संडास कुठाय?" मी विचारलं.

दीर हसला. "वहिनी, देवाच्या बाजूला ती घान ठेवायची? आन शेगडी पन तितंच. जितं रांधायचा तितंच…? सगली बोलली, बरा दिसत नाय. मंग काढलाच तो. रस्त्याला हाटेलं हायत ना."

माझा नवरा खिडकीचा पडदा किती छान सरकतो ते बघत होता. त्याला माहीत होतं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "आजी, घंटा वाजवा!"

सासूबाईंनी घंटा वाजवली. हात जोडले, डोळे मिटले, नीट नमस्कार केला. मग वळून धाकट्या मुलाकडे बघत म्हणाल्या, "देवाला लागत नाय रं. मना लागते."

तीस वर्षं मी त्यांच्या घरात आहे, त्यांच्या तोंडून असं काही पुरुषांसमोर आलेलं मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा उतरला. "आई, हलू बोल, लोक हायत."

"लोकांना पन लागते," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आता तरी यांना लाज वाटेल. वाटली असावी, क्षणभर. मग नवरा खालच्या आवाजात दिराला म्हणाला, "तरी मी सांगत व्हतो, वापीची घेऊ." दीर उसळला, "वापीची घेतली असती तं टॅक्स कोनी भरला असता?" दारातला एक जण पेढा चघळत म्हणाला की पाटीचं काय, सहा महिन्यांत बदलून मिळते. दुसरा म्हणाला, मिळत नाही. बघता बघता अख्खं अंगण दोन्हीकडून बोलू लागलं. एवढ्या मोठ्याने, की निळ्या दिव्यांखाली उभ्या असलेल्या म्हातारीकडे कोणाचं लक्षच नव्हतं.

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला. "चल गो, मना घरान ने. आता थांबवत नाय."

त्या उंच पायऱ्या मी त्यांना पाठमोरं उतरवलं. वाटेतल्या लोकांना बाजूला व्हा म्हणून दोनदा सांगावं लागलं. घरात नेऊन बाथरूमचं दार लोटलं आणि बाहेर उभी राहिले. खिडकीतून भांडण स्वच्छ ऐकू येत होतं.

"अजून चाललाय का त्यांचा?" त्यांनी आतून विचारलं.

"हो."

"चालू दे. तू धाकलीला फोन लाव. सांग तिला, नाय जमत."

मला लावायचा नव्हता. लावला. रिंग पुरती वाजलीही नाही तोच मावशींनी उचलला, आणि मी काही बोलायच्या आत, हसत विचारलं, "निंगाली का गो ती?"