मामांच्या खड्ड्याचा नकाशा

माझे मामा चाळीस वर्षं सरकारी जंगलात स्फटिक खणत होते. एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या खड्ड्याची जागा कुणालाही सांगितली नाही, अगदी मामीलाही नाही. रोज वेगळ्या वाटेनं जायचे. वाटेत कुणी भेटलंच, तर सरपणाला निघाल्यासारख्या चार काटक्या उचलायचे. ताकास तूर लागू देतील तर शपथ.

कुदळ ते फक्त खडकापर्यंत वापरायचे. आतली पोकळी लागली की लोखंड बाजूला ठेवायचं आणि तासलेल्या काठीनं चिखल कणाकणानं उकरायचा, कारण लोखंड लागलं की स्फटिकाचं टोक उडतं. घरी आणलेले दगड जुन्या टूथब्रशनं धुवून, वर्तमानपत्रात गुंडाळून खाटेखाली जायचे. दगडांवर झोपणारी या गावात मी एकटीच, असं मामी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

त्यांचा एक दगड शहरातल्या संग्रहालयात आहे. एकदा मी त्यांना तो दाखवायला नेलं. काचेखालच्या कार्डावर, शोधणारा म्हणून, तो दगड मामांकडून विकत घेतलेल्या व्यापाऱ्याचं नाव होतं. मामांनी कार्ड दोनदा वाचलं आणि दगडाची फुटकी कड मागे वळवून ठेवायला हवी होती, एवढंच म्हणाले.

मी वन कार्यालयात कारकून. नवा नियम आला तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मलाच झाला. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागेचा परवाना, फक्त हाताची अवजारं, काम संपलं की खड्डा बुजवायचा, आणि निघालेल्या दगडाला दाखला. दाखल्यावर शोधणाऱ्याचं नाव. हे शेवटचं ऐकल्यावर मामा सरळ होऊन बसले.

मग त्यांनी मला सांगितलं. महिन्यापूर्वी त्यांना एक मोठी पोकळी लागली होती. बॅटरीच्या उजेडात आत हाताएवढे स्वच्छ स्फटिक उभे दिसले होते, एकही टोक न मोडलेले. चाळीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. परवान्याआधी काढले तर दाखला मिळणार नाही, हे मीच त्यांना बजावलं. त्यांनी पोकळीचं तोंड ओल्या मातीनं लिंपून टाकलं आणि माझ्यासोबत अर्ज भरायला बसले.

अर्जात एक रकाना होता: नेमकी जागा, नकाशासह.

"नेमकी म्हणजे किती नेमकी?" मामांनी विचारलं.

"नेमकी म्हणजे नेमकी, मामा. नाहीतर साहेब अर्ज परत पाठवतील."

ते बराच वेळ पेनाच्या टोपणाशी खेळत बसले. मग हळू आवाजात सांगू लागले: ओढा ओलांडून चाळीस पावलं, दोन पडलेली झाडं, त्यांच्यामधला काळा खडक. मी पट्टी लावून नकाशा काढला. उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्याचा मला माज आहे.

"छान काढलंस," मामा म्हणाले.

नियमाप्रमाणे तो नकाशा तीस दिवस कार्यालयाच्या फळ्यावर लागला, कुणाची हरकत असेल तर कळावी म्हणून. परवाना हाती येईपर्यंत जागेवर पाऊल टाकायचं नाही, हेही मीच मामांना सांगितलं होतं. फळ्यासमोर माणसं थांबायची, मोबाइलवर फोटो काढायची. लोक नियम वाचतायत म्हणून मी खूश. तिसाव्या दिवशी मी धावत मामांकडे गेलो आणि एकही हरकत आली नाही, असं सांगितलं.

"एकही नाही?" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. मला तेव्हाही कळलं नाही, इतका मी गाढव.

दुसऱ्या दिवशी परवाना खिशात घालून गेलो. आयुष्यात पहिल्यांदा ते मला सोबत नेत होते, तेही सरळ वाटेनं. काळा खडक पहारीनं फोडलेला होता. बाजूच्या झाडाची मुळं तोडली होती आणि माणूस उभा मावेल एवढा खड्डा पडला होता. तळाला स्फटिकांच्या ठिकऱ्या पसरल्या होत्या. काठावर, मातीनं भरलेल्या बुटाखाली तुडवलेली, माझ्या नकाशाची झेरॉक्स पडली होती. उत्तरेचा बाण अजून दिसत होता.

मामा खाली उतरले, एक ठिकरी उचलून सदऱ्याला पुसली आणि परत ठेवली.

साहेब वाईट माणूस नव्हे. त्यांनी आम्हाला बसवून घेतलं, चहा मागवला. परवान्याआधी दगड जंगलाचा होता, म्हणजे तुमचं काही चोरीला गेलेलं नाही, असं त्यांनी समजावलं. तक्रार कार्यालय करेल, अज्ञात इसमांविरुद्ध. आणि आजपासून त्या जागेतला खड्डा तुमचा, तेव्हा तो बुजवावा लागेल. यातलं प्रत्येक कलम मला पाठ होतं. मीच टाइप केलं होतं.

बुजवायला तीन दिवस लागले. मी मदतीला गेलो, पण मामांनी फावडं माझ्या हातात दिलं नाही. शेवटच्या दिवशी मी काठावर बसून दाखला लिहिला, कारण तोही नियमच. मामांनी हात झटकले आणि वाचून दाखव म्हणाले.

मी वाचलं. शोधणारा, पुढे त्यांचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. निघालेला माल: निरंक.

"निरंक म्हणजे?"

"काही निघालं नाही, मामा."

त्यांनी कागद हातात घेतला आणि आपल्या नावावरून एकदा बोट फिरवलं. बोटाची माती कागदाला लागली. मग त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.