टाचणी परदेशातून कपडे बेतते

लिही गं, तुझ्या मावशीचं, माझ्या लेकीचं लिही. लहानपणापासून टाचणीच म्हणायचो तिला. अंगाने काडी आणि बोलणं टोचणारं. पण कामाला अशी की बघत राहावं.

अकरा वर्षं ती कपड्यांच्या कारखान्यात होती. शर्ट शिवायच्या आधी त्याचे भाग कागदावर बेतायचे, पुढा, पाठ, बाही, कॉलर, ते हिचं काम. पॅटर्न म्हणतात त्याला. आधी हाताने काढायची, मग कॉम्प्युटरवर. कारखान्यात खाटेएवढं रुंद एक यंत्र होतं, त्यातून पॅटर्नचा कागद जसाच्या तसा छापून यायचा. ना सूतभर कमी, ना सूतभर जास्त.

कामाचा कंटाळा तिला कधीच नव्हता, कंटाळा साहेबाचा. खिडक्यांना पुठ्ठे मारलेले, का तर बायका बाहेर बघतात म्हणे. पाणी प्यायला उठलं की "कुठे?" मेहनत हिची आणि पॅटर्नवर नाव त्याचं. आपण शिलाईसाठी कडेला जास्तीचं कापड सोडतो ना, माया म्हणतो ती, ती त्याने कापड वाचवायला निम्मी करायला लावली. ही म्हणाली, "साहेब, उसवेल." तो म्हणाला, "तुला कोणी विचारलं?" शर्ट उसवून गठ्ठ्याने परत आले आणि सगळ्या हॉलसमोर बोलणी खाल्ली कोणी? हिनेच.

त्या दिवशी घरी आली, चपला काढल्या आणि म्हणाली, "आई, मी नोकरी सोडली."

वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती कॉम्प्युटरवरूनच बाहेरच्या लोकांना छोटेमोठे पॅटर्न काढून देत होती, मला माहीत होतं. "लॅपटॉप असला की झालं," म्हणाली, "कुठे बसून काढायचे ते माझं मी ठरवणार. बघायचेत मला देश."

तुझा मामा उसळलाच. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी!"

"दादा, बाहेर काय काय पळतंय ते तू एकदा बघितलंस तरी का?"

मी हसले, खोटं कशाला सांगू? मनातून मात्र घाबरले होते.

एक बॅग घेऊन गेली. परक्या गावात तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला टेकवून टेबल. फोनवर मला सगळं दाखवायची. खाली एक माणूस सायकली दुरुस्त करायचा, तोही माझ्या ओळखीचा झाला. मी हात हलवला की तो पाना हलवायचा.

मग एक मोठं काम चालून आलं. आणखी तिसऱ्याच देशातली एक शिंपीण, स्वतःचं दुकान असलेली. हिच्या पॅटर्नवरून शिवलेला पहिला शर्ट पसंत पडला तर वर्षभर हिच्याकडूनच पॅटर्न घेणार होती. ते जमलं तर टाचणी तिकडे राहणार, नाहीतर परत. आणि परत म्हणजे कुठे? ही गेल्यापासून साहेबाच्या शर्टांच्या बाह्या कोणाला बसत नव्हत्या, म्हणून त्यानेच निरोप धाडला होता, "सोमवारपर्यंत खुर्ची रिकामी ठेवतो."

गुरुवारी सकाळी फोन. तोंड एवढंसं झालेलं. "आई, शर्ट लहान झाला. ती म्हणते, तुम्हाला माप कळत नाही. मी दहा वेळा तपासलं, माझं बरोबर आहे."

मागून तुझा मामा, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"तू गप रे. टाचणे, कुठे कमी पडला?"

"छातीला दोन इंच, उंचीला दीड, बाहीला एक. कॉलरसुद्धा थोडी."

मला अक्षरं येत नाहीत, पण टेपवरचे आकडे येतात. तीस वर्षं शिवलंय मी. म्हटलं, "मग तुझं चुकलेलं नाही. माणूस चुकतो तो एका जागी चुकतो. बाही चुकेल, गळा चुकेल. सगळीकडून बेताबेताने कमी होतं ते कापड आटल्यावर. धुतलं होतं का तिने?"

"नाही गं, कोरं होतं."

"मग कागद आटला असेल."

ती हसली. "कागद कसा आटेल आई..." आणि एकदम थांबली. फोन टेबलावर टाकून गेली, मी आपली तिच्या खोलीचं छत बघत बसले.

झालं होतं असं की हिने कॉम्प्युटरवरून धाडलेला पॅटर्न ती बाई घरच्या छोट्या यंत्रावर छापायची आणि पानं चिकटवून जोडायची. ते यंत्र मोठं शहाणं, चित्र पानात नीट मावावं म्हणून आपलं आपणच थोडं बारीक करतं! म्हणजे कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं बघ.

पण टाचणी काय म्हणाली? "चूक माझीच. कुठे छापणार ते मी विचारलंच नाही. कारखान्यात कधी विचारावं लागलं नव्हतं." बाईशी भांडली नाही. पहिल्याच पानावर चार बोटांचा एक चौकोन काढला आणि लिहिलं, आधी हा पट्टीने मोजा, बरोबर भरला तरच पुढचं छापा.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. उत्तर नाही. रविवारी मामा म्हणाला, "तिच्या परतीच्या तिकिटाचं बघू का?" मी म्हटलं, "तुझ्या चहाचं बघ."

सोमवारी दुपारी हिचाच फोन. "आई, साहेबांना कळवलं. येत नाही म्हणून."

"बाईचं उत्तर आलं?"

"नाही अजून."

"मग कशाच्या जोरावर गं?"

"शर्ट बसणार आहे. मी बेतलाय."

बस, एवढंच. आवाजात इतकीशी सुरकुती नाही.

मंगळवारी फोटो आला. शिंपिणीचा नवरा शर्ट घालून दोन्ही हात वर करून उभा, कुठे ताण नाही की चुणी नाही. खाली पुढच्या सहा शर्टांची मापं.

आणि मामा म्हणाला, "मला आधीपासून वाटतच होतं." हे पण लिही.