अकराव्याच्या वरचा मजला

हंबीररावानं घरावर दुसरा मजला चढवला तेव्हा कृष्णातनं आपल्या घरावर तिसरा चढवला. विट्याच्या पुढच्या त्या गावात दोघा चुलत भावांची घरं शेजारी उभी, वर्षभर कुलपात. दोघंही गलाईवाले, जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करण्याचा धंदा. कृष्णातचं दुकान केरळात, हंबीररावाचं तामिळनाडूत. कुलपं निघायची ती जत्रेला.

अशाच एका जत्रेत हंबीरराव पारावर बसून सहज म्हणाला, "जयराजनं दुबईत फ्लॅट घेतला." जयराज त्याचा मुलगा, तिकडंच नोकरीला.

"कितव्या मजल्यावर हाय, दादा?" कृष्णातनं विचारलं.

"अकराव्या. भाड्यानं देनार हाय. समुद्र दिसतोय म्हनं."

तो न पाहिलेला समुद्र कृष्णातच्या पोटात खारट होऊन राहिला. त्याच्या बायकोनं, लीलाबाईनं, समजावून पाहिलं. "आवं, त्येंच्या पोराचा पगार तिकडचा हाय. तुमाला गिऱ्हाईक रुपयं देतंय." त्याला तीही हंबीररावाची स्तुतीच वाटली.

उन्हाळा सरायच्या आत त्यानं त्याच इमारतीत बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट धरला. कर्ज तिथल्याच बँकेचं, दिरहममध्ये. भाड्यातूनच हप्ते फिटतील, असं एजंट म्हणाला. कृष्णातनं फ्लॅट फोनवरच पाहिला. पाहिलं काय, तर खिडकीतून वाकलं की अकराव्याची बाल्कनी खाली दिसते का.

वर्षभर भाडं आलं. मग भाडेकरू गेला आणि नवा मिळेना. इकडं रुपया घसरत होता. हप्ता तेवढाच, पण त्याला रुपये दर महिन्याला जास्त लागायचे. वर व्याजाचा दर चढला. जयराजला रुपयाचं काहीच नव्हतं. त्याचा पगार आणि त्याचा हप्ता एकाच चलनात. इमारत एक, बँक एक, आग मात्र एकाच मजल्याला.

केरळातलं दुकान विकायची पाळी आली, तेव्हा हंबीरराव स्वतः घरी आला.

"फ्लॅट आमाला दे, कृष्णात. घेतल्या भावात. दुकान राख गड्या, पोटाचं हाय."

"दोन-दोन मजलं काय करताय, दादा?"

"जयराज आता तिथंच ऱ्हातोय. म्हनतोय, मधी जिना काढू."

तो जिना कृष्णातच्या डोळ्यांपुढं लगेच उभा राहिला. त्यावरून हंबीरराव सावकाश वर येत होता.

"बघतो," कृष्णात म्हणाला, आणि हंबीरराव गेल्यावर त्यानं एजंटला फोन केला. फ्लॅट पडत्या भावात एका परक्याला गेला. कर्ज पुरतं फिटलं नाही. उरलेल्यासाठी दुकानही गेलं. लीलाबाई त्या दिवशी जेवली नाही.

आता कृष्णात केरळात, जुन्या दुकानाच्याच गल्लीत, दुसऱ्याच्या भट्टीपुढं बसतो. जत्रेला मात्र न चुकता येतो. हंबीरराव भेटला की खुशाली नंतर, आधी विचारतो, "जयराजच्या वरचं बिऱ्हाड कसं हाय, दादा? पाय लय आपटत्यात का?"