जावई आणि बंब

ओल्या लाकडाचा धूर नाकात गेला की कटंगीच्या घरातला तांब्याचा बंब आठवतो. गरम पाणी काढलं की तेवढंच थंड आत ओतायचं, नाहीतर बंब जळतो, ही आमची रीत. ताईच्या लग्नानंतर पहिल्यांदा आलेले भाऊजी म्हणाले, "हे डबडं काहून ठेवलं? आमच्याकडे गीझर आहे," आणि आंघोळ करून बंब रिकामाच सोडून निघाले. आई बादली घेऊन धावली. "नको बोलू बापा, जवाई हायेत," तिनं मला दटावलं. पाहुण्यांसमोर माझं तोंड कधी उघडत नसे. तरी मी बादली आईच्या हातून घेऊन त्यांच्यापुढे ठेवली. "ह्याले बंब म्हणतात, भाऊजी. भरा." ते हसले, पण मी हलले नाही. शेवटी त्यांनी भरला. मी उद्धटपणा केला, असं आई आजही म्हणते. हौ, केला.