जहाजाच्या टीव्हीपुढं म्हटलेली मंगलाष्टकं

खर्रर्र… कुंईऽऽ… आणि मग बारीक खोकल्यासारखा आवाज. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीचा रेडिओ काही बोलायच्या आधी असा घसा साफ करायचा. मग त्यातल्या बाई शाळेच्या पुस्तकातली एखादी कविता चालीवर म्हणायच्या आणि लिंबाखाली बसलेली आम्ही पोरं त्यांच्यामागोमाग बेंबीच्या देठापासून ओरडायचो. आमचा आवाज त्या बाईंना ऐकू जातो, याबद्दल आमच्यापैकी कुणालाही शंका नव्हती.

त्या कवितांनी माझं वाटोळं केलं, असं आमच्या सौ.चं, म्हणजे कमलचं, मत आहे. मी धाराशिवला एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाडी फलाटाला लागल्याची घोषणासुद्धा मी वृत्तात करायचो, असं ती पाहुण्यांना सांगते. हे साफ खोटं आहे. एकदाच केली होती.

भावकीतल्या लग्नात मात्र स्वतः रचलेलं मंगलाष्टक मी म्हणतोच. शार्दूलविक्रीडितात, चार कडवी. माझ्या मंगलाष्टकाशिवाय आमच्याकडं लग्न लागत नाही. काही नातेवाईक याला रीत म्हणतात, काही भोग म्हणतात. पण अक्षता हातात धरून उभे सगळेच राहतात.

तर समुद्रप्रवासाचं असं झालं. आमच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार म्हणून पुण्याच्या लेकानं परस्पर जहाजाची तिकिटं काढली. मुंबई, पुढं नुसताच समुद्र, मग गोवा आणि परत मुंबई. मी आनंदानं दोन ओळी रचल्या, कमलनं स्वेटर काढला. आणि निघायला पंधरवडा असताना तेरखेड्याहून धाकट्या भावाचा, बापूचा, फोन आला.

"आण्णा, वैशालीचं जमलं. पोरगं कळंबचं हाय. तारीख मातर नेमकी तुमच्या जहाजातली आली बघा."

"मग जहाज रद्द करतो."

"पैशे परत मिळत न्हाईत म्हणं. जावा तुम्ही. पण मंगलाष्टक पायजे. पोरगी हटूनच बसलीय. आण्णांचं झाल्याबिगर अंतरपाट हालू द्यायचा न्हाय म्हणती."

"जहाजातनं म्हणतो की."

"म्हणा. मी माईक धरून उभा ऱ्हातो."

कशातनं म्हणणार, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं? लेकानं टीव्हीला लावायची एक काडी दिली होती. अंगठ्याएवढी वस्तू. "बाबा, ही कुठल्याही टीव्हीच्या मागे खोचा. घरी जे दिसतं ते सगळं तिथं दिसेल." लग्नाचा शूटिंगवाला सोहळा इंटरनेटवर लाइव्ह दाखवणार होता. म्हणजे मांडव आमच्या खोलीत आणि आम्ही मांडवात. मी निर्धास्त झालो.

पहिला दिवस. धाराशिवहून सोलापूरची सकाळची एसटी धरावी. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी थांबते, तेवढ्यात चहा होतो. कमलनं खिडकीतूनच हात जोडले आणि काडीची पिशवी कपाळाला लावली. सोलापुरात शेंगाचटणी घ्यावी, पुढं मुंबईची रेल्वे. मुक्काम दादरला मेहुण्याकडं. दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर पोचलो.

जहाजावर चढण्याआधी सामानाची तपासणी होते. होतकरू प्रवाशांनी लक्षात ठेवावं: बाहेरचं खाणं काढून घेतात आणि वायरीचा एक्स्टेन्शन बोर्डही. आमचा बोर्ड गेला, शेंगाचटणी गेली. मग तपासणी करणाऱ्यानं स्टीलची डबी उघडली.

"ये क्या है?"

"अक्षता," कमल म्हणाली. "शादी में फेकने के."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. "किसकी शादी?"

"जहाज पे है, परसों."

त्यानं डबी परत दिली आणि आम्हा दोघांचं मनापासून अभिनंदन केलं. मी लाजलो. कमल म्हणाली, "चला आता, नवरदेव."

जहाजाचं वर्णन काय करावं! बारा मजली इमारत कुणीतरी आडवी न पाडता पाण्यात ढकलून दिलीय. जिने, आरसे, झुंबरं. आमची खोली आमच्या देवघरापेक्षा थोडी मोठी, पण खिडकीतून अथांग निळाई. मला शाळेतल्या सगळ्या सागराच्या कविता एकदम आठवल्या. कमल बराच वेळ पाण्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "एवढं पाणी. आन आपल्याकडं नळाला आठ दिसाला येक डाव."

जेवण तिकिटातच असतं, कितीही खा. त्यामुळं ज्यांना घरी दोन पोळ्या जड जातात ते इथं ताटात डोंगर रचून पायथ्याशी गुलाबजाम ठेवतात. रांगेची शिस्त मात्र दसऱ्याच्या एसटीची. माझ्या नियंत्रकाच्या जिवाला ते बघवेना.

जहाजावरच्या दुसऱ्या दिवशी काडी लावायला घेतली. खोलीतला टीव्ही भिंतीला आवळलेला. रिमोट हातभर लांब, पण त्यावर बटणं कमी. चालू केला की जहाजाचे कप्तान स्वागत करतात, मग बुडताना काय करायचं त्याची फिल्म लागते, मग मसाजची जाहिरात. पुन्हा कप्तान. काडीकडं जायचा रस्ताच नाही.

खाली चौकशीच्या टेबलावर गेलो. तिथल्या मुलीनं गोड हसून हिंदीत सांगितलं, "सर, टीव्ही लॉक असतो. आपण सुट्टीवर आलात ना? समुद्र बघा."

समुद्र बघायला आलेल्या माणसानं टीव्हीचा हट्ट का धरावा, हा प्रश्न रास्त होता. पण प्रत्येक खोलीत टीव्ही ठेवून वर समुद्र बघा म्हणणं, हेही रास्तच होतं म्हणायचं.

शेजारच्या खोलीत लातूरचे देशमुख होते, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता. ते आपणहून मदतीला आले. चष्मा लावून त्यांनी टीव्हीची पाहणी केली, मागं-पुढं वाकून दोन फोटो काढले आणि खुर्चीत बसून निर्णय दिला.

"हे सेंट्रलाइज्ड आहे. काही होणार नाही."

"देशमुखसाहेब, उद्या पुतणीचं लग्न आहे हो."

"मुळात सिस्टीम समजून घ्या," ते म्हणाले आणि अर्धा तास सिस्टीम समजावली. त्यात धरण होतं, कालवा होता, शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही हेही होतं. कमलनं त्यांना चहा विचारला नाही. आमच्या घरात यापेक्षा कडक शब्द नाही.

ते गेल्यावर ती टीव्हीजवळ गेली आणि खालच्या कडेनं हात फिरवू लागली, फळीखाली ठेवलेली किल्ली चाचपावी तसा. "आपल्या जुन्या टीव्हीचा रिमोट पोरानं फोडला व्हता, तवा दोन वर्सं कशावर काढली आपण? बटण खाली असतंय." टक् असा आवाज झाला. कप्तान गेले, मसाज गेला आणि काळ्या पडद्यावर आमची काडी लुकलुकली.

"समदी शिष्टिम बुडाखाली हाय," कमल म्हणाली. हे मी देशमुखांना कळवलं नाही.

आता इंटरनेट. तेही विकत घ्यावं लागतं. एका वस्तूचं घ्या नाहीतर चारांचं. चारांचा भाव ऐकून मी एकाचं घेतलं. टीव्ही एकच होता ना. खोली नंबर, जन्मतारीख, सगळं रिमोटनं एकेक अक्षर टिपत भरलं. मोबाइलला समुद्रात ना रेंज, ना आता नेट, पण मोबाइल कुणाला हवा होता? तो पिशवीत गेला.

जहाजावरचा तिसरा दिवस, लग्नाचा. चहूकडं पाणीच पाणी, कुठं जमिनीची रेघ नाही. मी धोतर नेसलो, टोपी घातली. कमलनं लग्नासाठीच घेतलेली इरकल काढली. वाजंत्र्याच्या पिपाणीसह तेरखेड्याचा मांडव टीव्हीत उगवला आणि माझा ऊर भरून आला. लाटेबरोबर चित्र अडायचं, पाहुणे तोंडात घास घेतलेले तसेच गोठायचे, पुन्हा हलायचे. नवरदेव बाशिंगाआड लपलेला, त्याची नुसती हनुवटी दिसत होती. वैशाली अंतरपाटाआड मान खाली घालून. गुरुजींचं एक मंगलाष्टक झालं, दुसरं झालं. मग बापू पुढं आला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात मोबाइल. माईक त्यानं मोबाइलला भिडवला. पिपाणी थांबली. मांडव चिडीचूप.

मी टीव्हीपुढं सरळ उभा राहिलो आणि सुरू केलं.

"ज्वारीच्या कणसापरी उजळली बापूंचि वैशालि ही…"

काय सांगू वाचकहो! इतक्या लग्नांत म्हटलं, पण असं ऐकून घेणारा मांडव पाहिला नव्हता. एरवी तिसऱ्या ओळीला कुणीतरी अक्षता फेकून मोकळं होतं, मागं बायकांच्या गर्दीत बाळ हरवलेलं असतं, आचारी मीठ मागतो. इथं कुणाची पापणी हलत नव्हती. माना खाली. बापूचा माईक हलत नव्हता.

"अहो," कमल हळूच म्हणाली, "त्येंला ऐकू जातंय का पण?"

मी हातानंच तिला गप्प केलं. बघ की, माना कशा खाली घातल्यात.

तिसऱ्या कडव्याला बापूनं मोबाइलकडं बघितलं. कानाला लावला, खाली घेतला, पुन्हा कानाला लावला. गुरुजी त्याच्या कानात काही बोलले. मला वाटलं, गुरुजींना मत्सर वाटला. वैशालीनं एकदा मान वर करून कॅमेऱ्याकडं, म्हणजे सरळ माझ्याकडं पाहिलं. मी आवाज चढवला.

"लाटांनी धरली सुरांत सनई, कुर्यात् सदा मंगलम्!"

चौथं कडवं संपायच्या आतच गुरुजींनी माझ्या शब्दावर आपला शब्द चढवला, अंतरपाट गेला आणि फटाके बनवणाऱ्या तेरखेड्याला शोभेल असा फटाक्यांचा कडकडाट झाला. आम्ही टीव्हीवर अक्षता टाकल्या. गालिचाभर तांदूळ झाले. कमलच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या तर होतंच.

जेवून आल्यावर मी काडीचं नेट काढून मोबाइलला घेतलं. म्हटलं, कौतुकाचे निरोप आले असतील. मोबाइल जो थरथरायला लागला तो थांबेना. बापूचे फोन, त्याच्या बायकोचे, वैशालीच्या मामाचे. एकही लागलेला नव्हता, नुसत्या नोंदी. आणि बापूचे आवाजी निरोप.

"आण्णा, फोन उचला. माईक धरलाय म्या."

"आण्णा, कुठं हायसा? समदा मांडव उभा हाय तुमच्यासाठी."

"आण्णा, गुरुजी म्हणत्यात मुहूर्त टळतोय."

आणि शेवटचा, पिपाणीच्या आवाजातून जेमतेम कळणारा: "बरं. ऱ्हाऊ द्या."

टीव्ही दाखवतो. ऐकत नाही. ही गोष्ट मला पंचाहत्तरीच्या उंबऱ्यावर, समुद्राच्या मध्यावर कळली. त्या माना माझ्या काव्यानं झुकल्या नव्हत्या, त्या सगळ्या बापूच्या हातातल्या मुक्या मोबाइलकडं बघत होत्या. फोन करून सगळं सांगावं म्हटलं, तर बापूचा फोन बंद. कमल गालिच्यावरचे तांदूळ एकेक वेचत होती. तिनं टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढं गोवा आला. चर्च पाहिली, किनारा पाहिला. टॅक्सीवाले सांगतील त्याच्या निम्म्यातही येतात, एवढं लिहून ठेवतो. बाकी वर्णन इतरांच्या ब्लॉगवर वाचावं. मी पाण्याकडं बघायचो आणि एकही कविता आठवायची नाही.

घरी येऊन आठवडा झाला. बापूशी बोलणं झालं. "तब्येत बरी हाय ना?" "बरी हाय." बस. इतकं कमी बोलण्यापेक्षा आमच्यात भांडण बरं. मंगलाष्टक लिहून पाठवू का, म्हणालो, तर म्हणाला, "आता काय करायचं त्येचं." बरोबरच आहे. लग्न लागल्यावर मंगलाष्टक म्हणजे गाडी गेल्यावरची घोषणा.

जहाजावर जाणाऱ्यांसाठी शिल्लक शहाणपण एवढंच: काडी न्या, बटण टीव्हीच्या खाली असतं, नेट चारांचं घ्या. आणि कुणाला शब्द दिला असेल तर साधा फोन लावा.

हे एवढं लिहून झालं आणि दार वाजलं. बाहेर पाठीला बॅग लावलेला एक उंच तरुण. घरचं नेट दोन दिवस बंद होतं, तक्रार केली होती. कमलनं त्याला आत घेतलं. "या. ते डबडं तिकडं कपाटावर हाय. चप्पल ऱ्हाऊ द्या."

त्यानं चप्पल काढली, डबड्याकडं न जाता वाकून आधी तिच्या पाया पडला, मग माझ्या.

"ओळखलं न्हाय का? नीलेश. कळंबचा."

हनुवटी! बाशिंगाखाली दिसलेली तीच हनुवटी.

"अगं बाई, जावईबापू!" कमलनं डोक्यावर पदर घेतला. "आन वैशाली?"

"ती शूटिंगवाल्याच्या दुकानात बसून हाय, भांडत. मला इकडं पाठवलं." त्यानं बॅगेतून मोबाइल काढला आणि टेबलावर तांब्याला टेकवून माझ्याकडं तोंड करून उभा केला. "मांडव गप उभा हाय तेवढं कापून टाकतो म्हणत होता तो. वैशालीनं हात लावू दिला न्हाय. ती म्हणती, तिथं आण्णा हायेत. नुसता आवाज भरायचा ऱ्हायलाय."

"बापूला माहीत आहे?"

"त्येंनीच पत्ता सांगितला."

टोपी कुठं ठेवली ते आठवेना. कमलनं ती आणून डोक्यावर घातली. मी उभा राहिलो आणि ग्रामपंचायतीच्या रेडिओसारखा घसा साफ करत राहिलो.

"दमानं म्हणा, आण्णा," नीलेश म्हणाला. "मांडव अजून उभाच हाय त्यात."